तुकडा कापला तरी टिकला पाहिजे: उपहासाचं बातमीपत्र करणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापुरातल्या महाविद्यालयांतून, नाट्यसंस्थांतून आणि तालीम मंडळांतून उपहासाचं बातमीपत्र करणारी व करू पाहणारी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

टेबलामागे कोट घालून बसलेला निवेदक, शेजारी पडद्यावर बातमीचा तुकडा आणि त्यावर लगेच येणारा टोमणा, हा साचा आता आपल्याकडेही रुळतो आहे. खड्डे, पंचगंगेचं प्रदूषण, निवडणुकीतल्या घोषणा यांवर तुम्ही तो चालवता तेव्हा नेम चुकला तर एखादा माणूस रुसतो. युद्ध आणि धर्म यांच्या बाबतीत नेम चुकला की फटका भलत्याच घरावर बसतो. ७ जून २०२३ रोजी याच शहरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. ती स्टेटस उपहासाची नव्हती. पण तुमचा उपहास फिरणार आहे तो त्याच फोनवरून, त्याच वाटेने.

हे विषय सोडून द्या असं सांगायला आम्ही लिहीत नाही. सत्तेतला माणूस देवाचं नाव घेऊन युद्धाची भाषा बोलतो आणि वाहिनी ती भाषा चढ्या आवाजात आपल्या घरात आणते, तेव्हा तो तुकडा थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावून ‘हे काय बोललात?’ असं कोणीतरी विचारायलाच हवं. लेखन, संकलन आणि रंगमंच या कामांतली आम्ही माणसं आहोत. हे काम कसं करावं, कुठे फसतं आणि का फसतं, हे तुमच्यापुढे मांडावंसं वाटलं.

पहिली गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तुमचा वीस-बावीस मिनिटांचा भाग कोणी सलग पाहणार नाही असं धरूनच लिहायला बसा. तो स्टेटसवर तीस सेकंदांच्या तुकड्यांत जाईल, आणि तुकडे तुम्ही पाडणार नाही, दुसराच कोणी पाडेल. पाचव्या मिनिटाला तुम्ही कितीही समजूतदार बोललात तरी दुसऱ्या मिनिटाचा तुकडा पाचव्या मिनिटाला सोबत घेऊन जात नाही. म्हणून संकलन संपलं की ही चाचणी घ्या. सहा मिनिटांचा भाग असेल तर शून्यापासून दर पंधरा सेकंदांवर सुरू होणारे तीस-तीस सेकंदांचे तुकडे काढा, एकूण तेवीस निघतात. ते फोनवर अशा माणसाला दाखवा ज्याने पूर्ण भाग पाहिलेला नाही. एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून. प्रत्येक तुकड्यानंतर एकच प्रश्न विचारा, ‘यात कोणाला हसलंय?’ आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. उत्तर ‘मंत्र्याला’, ‘निवेदकाला’, ‘त्या महाराजांना’ असं आलं तर तुकडा ठीक आहे. ‘मुसलमानांना’, ‘हिंदूंना’, ‘जैनांना’, ‘फौजींना’ असं आलं तर तो भाग पुन्हा लिहायचा. तुमचा हेतू त्याला समजावून सांगत बसू नका, कारण स्टेटस पाहणाऱ्याला समजावायला तुम्ही तिथे नसाल.

दर तीस सेकंदांत एकदा तरी नेमका माणूस किंवा पद तोंडाने उच्चारलं गेलं पाहिजे. ‘ते’, ‘ही लोकं’, ‘यांचं असंच असतं’ ही सर्वनामं तुकड्यात सर्वांत आधी सडतात. पूर्ण भागात ‘ते’ म्हणजे संरक्षण खात्याचे प्रवक्ते असतात, तुकड्यात ‘ते’ म्हणजे एक अख्खा समाज होतो.

पडद्यावरच्या अक्षरांचंही तसंच. वाहिनीचं नाव, तारीख आणि ‘उपहास’ ही पाटी बहुतेक जण उजव्या कोपऱ्यात लावतात. आडवी चौकट १९२० बाय १०८० पिक्सेलची असते. फोनसाठी ती उभी कापली की मधला सुमारे ६०८ पिक्सेलचा पट्टा उरतो, म्हणजे डावीकडून ६५६ ते १२६४ एवढाच. कोपऱ्यातली पाटी सरळ कापून जाते आणि निवेदकाचा चेहरा तेवढा राहतो. पाटी या मधल्या पट्ट्यात, छातीच्या उंचीवर ठेवा. दिसायला थोडी ओबडधोबड दिसते, पण राहते. पाटीवर कार्यक्रमाचं नाव आणि भाग क्रमांकही घाला, म्हणजे तुकडा हातात पडलेल्याला मूळ भाग शोधता येतो.

आता पात्राबद्दल. अमेरिकेत स्टीफन कोलबेर यांनी २००५ ते २०१४ अशी नऊ वर्षं एका कडव्या उजव्या निवेदकाचं सोंग घेऊन कार्यक्रम केला. ते नेहमी उलटं बोलत आणि प्रेक्षकाने ते सुलटं करून घ्यायचं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की उजव्या विचारांच्या प्रेक्षकांनाही कार्यक्रम तेवढाच गमतीदार वाटत होता, मात्र हा माणूस विनोदाचं नुसतं नाटक करतो आणि बोलतो ते त्याला मनापासून म्हणायचं आहे, असं त्यांना वाटत होतं. संपूर्ण कार्यक्रम पाहणाऱ्यांची ही गत, तर आपल्या तीस सेकंदांची काय होईल? युद्धखोर निवेदकाचं सोंग घेऊन तुम्ही ‘टाका बॉम्ब, होऊ दे चर्चा’ म्हणालात, तर ते वाक्य खऱ्या घोषणेसारखं फिरेल आणि त्याखाली टाळ्यांच्या खुणा येतील.

यावर उपाय आपल्या घरातच आहे. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. त्यातली बतावणी दोन माणसांची. एक फुशारकी मारतो, दुसरा लगेच त्याला आडवं घेतो. सोंगाड्या राजाच्या तोंडावर उत्तर देतो, आणि तेही राजाचं वाक्य हवेत असतानाच. उलटं बोलणं आणि त्याचं उत्तर एकाच चौकटीत, पाच-सात सेकंदांच्या आत येतं. कापणाऱ्याला दोन्ही वेगळे करणं फार अवघड जातं. म्हणून युद्ध-धर्माच्या भागापुरता एकटा निवेदक नको, दोघे हवेत, आणि दोघेही एकाच कॅमेऱ्यात. दोघांचे जवळून वेगवेगळे शॉट घेऊन आलटून पालटून लावलेत की बतावणीचा हा फायदा गेला. रुंद शॉट ठेवा, दोन्ही चेहरे त्या मधल्या पट्ट्यात बसतील इतके जवळ बसा. सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा सांगाडा तसाच ठेवून आतला मजकूर बदलला होता आणि ते जलसे शाहू महाराजांच्या काळात या भागात गावोगाव झाले. साचा उसना आणायलाच हवा असं नाही.

भारुडाचाही विचार करा. एकनाथांनी नवस, जोशी, गोंधळी यांची सोंगं घेऊन धर्मातल्या ढोंगावर बोट ठेवलं, पण भक्तीच्या आत उभं राहून. गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, आणि पशुहत्येवर किंवा कर्ज काढून केलेल्या यात्रांवर लोक स्वतःच हसत. इजिप्तमध्ये बासेम युसूफ यांनी हेच वेगळ्या रीतीने केलं. हृदयाचे शल्यविशारद असलेल्या या माणसाने २०११ साली घरातच चित्रित केलेले छोटे भाग यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. पुढे तो देशातला सर्वांत गाजलेला कार्यक्रम झाला. उपग्रह वाहिन्यांवरून राजकारणासाठी धर्म वापरणाऱ्या उपदेशकांचे तुकडे ते दाखवत. श्रद्धेवर ते बोलत नसत, तिच्या आडून चाललेल्या राजकारणावर बोलत. तरीही २०१३ च्या मार्चमध्ये इस्लामचा आणि राष्ट्राध्यक्षांचा अपमान केल्याच्या आरोपावरून त्यांची चौकशी झाली, जामीन भरावा लागला आणि २०१४ च्या जूनमध्ये कार्यक्रम थांबला. नीट केलं म्हणजे त्रास होणारच नाही, असं आम्ही म्हणत नाही. पण नीट केलेलं असतं तेव्हा उत्तर द्यायला पायाखाली जमीन असते.

ज्या धर्मावर बोलायचं त्या धर्मात वाढलेलं किमान एक माणूस लेखनाच्या टेबलावर असू दे, आणि नकार देण्याचा हक्क त्याच्याकडे असू दे. शेवटी दाखवून ‘चालेल ना?’ विचारण्यात अर्थ नसतो, कारण तोवर सगळ्यांचा जीव त्या विनोदात गुंतलेला असतो. सोमवारी पहिल्या बैठकीलाच तो माणूस हवा.

समतोलाचा एक सोपा मार्ग तुम्हाला सुचवला जाईल: एक टपली हिंदूंना, एक मुसलमानांना, एक ख्रिश्चनांना, म्हणजे कोणी बोलायला नको. बीबीसीच्या एका उपहासात्मक कार्यक्रमाने १९६३ साली वेगवेगळ्या धर्मांची तुलना ग्राहक मासिकाच्या धाटणीत केली होती. यात काय घालावं लागतं, काय मिळतं, खर्च किती येतो. तेव्हा घरात एकच टीव्ही संच होता आणि सगळं कुटुंब ते सलग पाहत होतं. आज या टपल्या कापून वेगवेगळ्या गटांत जातात. एका गटाला फक्त दुसऱ्याला बसलेली टपली मिळते, किंवा फक्त स्वतःला बसलेली. समतोल कुणाच्याच हाती लागत नाही. त्यामुळे धर्म मोजू नका, खुर्च्या मोजा. वाक्य कोणत्या खुर्चीवरून आलं, त्या खुर्चीला माणसं मारण्याची किंवा मारायला लावण्याची ताकद आहे का, आणि त्या वाक्यात देव कशासाठी ओढला आहे, एवढं तपासा.

या कसोटीवर उतरणारा ऐवज भरपूर आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर पाचच दिवसांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या लढ्याला ‘क्रुसेड’ म्हटलं. मोहिमेला आधी दिलेलं नाव ‘अनंत न्याय’ अशा अर्थाचं होतं. तसा न्याय फक्त ईश्वरच करू शकतो, अशी मुस्लिमांची हरकत आली आणि ते नाव बदलावं लागलं. २०१० साली उघड झालं की अमेरिकी सैन्याला पुरवलेल्या बंदुकांच्या दुर्बिणींवर बायबलमधल्या ओव्यांचे क्रमांक कोरलेले आहेत. कंपनीने ते काढून टाकण्याचं साहित्य पुरवायचं कबूल केलं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रशियन चर्चचे प्रमुख किरिल यांनी प्रवचनात सांगितलं की कर्तव्य बजावताना मेलेल्या सैनिकाची सगळी पापं धुतली जातात. या प्रत्येकात खुर्ची दिसते, वाक्य किंवा वस्तू दिसते आणि सामान्य भाविकाला हात लावावा लागत नाही. ‘द अनियन’ या उपहासात्मक वृत्तपत्राने २६ सप्टेंबर २००१ च्या अंकात, न्यूयॉर्कची राख अजून धुमसत असताना, एक बातमी रचली होती: ‘ठार मारू नका’ या नियमाचा खुलासा करायला देव संतापून पुढे येतो. अपहरणकर्ते स्वर्गाऐवजी नरकात पोचतात, अशी दुसरी. दोन्हींत नेम मारेकऱ्यांवर आहे, भाविकाचा देव भाविकाच्याच बाजूला उभा आहे. या दोन बातम्यांची रचना वहीत उतरवून घ्या आणि नेम कुठे आहे तिथे खूण करा. वर्गात शिकवावी अशी ती रचना आहे.

जॉन स्ट्युअर्ट यांच्या ‘डेली शो’ या अमेरिकी उपहासात्मक बातमीपत्राने २००३ च्या एप्रिलमध्ये बुश यांचाच बुश यांच्याशी वाद लावला. २००० सालच्या प्रचारात गव्हर्नर असताना परदेशात राष्ट्र उभारणीला विरोध करणारे बुश एकीकडे, आणि इराकमध्ये तेच करणारे राष्ट्राध्यक्ष बुश दुसरीकडे. निवेदकाला जवळजवळ काही बोलावंच लागलं नाही. हा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त उपयोगी आहे, पण त्याला वही लागते. अमेरिकेतले असे कार्यक्रम वाहिन्यांचं प्रक्षेपण सतत मुद्रित करून ठेवतात आणि बातमीसोबत येणाऱ्या लिखित मजकुरात शब्द शोधतात. मराठी वाहिन्यांना तसा मजकूर नसतो, म्हणून नोंद हाताने करायची. वाहिनी, कार्यक्रम, तारीख, घड्याळाची वेळ, चित्रफितीतली मिनिट-सेकंदांची जागा, जसंच्या तसं वाक्य, आणि त्या वाक्याच्या आधीचे वीस आणि नंतरचे वीस सेकंद. हे मागचे-पुढचे वीस सेकंद टाळू नका. वक्ता ‘काही लोक म्हणतात की’ असं म्हणून दुसऱ्याचं मत सांगत असतो आणि तुम्ही ते त्याचंच म्हणून लावता, ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि एकदा झाली की तुमचं बाकीचं खरंही कोणी मानत नाही.

भाषांतरात पाय घसरायच्या जागा ठरलेल्या आहेत. हिंदीत ‘युद्धबंदी’ म्हणजे युद्धात पकडलेला कैदी, मराठीत बहुधा लढाई थांबणं. हिंदी वाहिनीच्या तुकड्याखाली मराठी अक्षरं देताना हा शब्द तसाच उचललात तर पूर्ण वाक्याचा अर्थ उलटतो. कैद्याला ‘युद्धकैदी’ आणि लढाई थांबण्याला ‘शस्त्रसंधी’ लिहा, मग घोळ उरत नाही. ‘फतवा’ हा शब्द आपण हुकूम या अर्थाने वापरतो, मुळात ते विचारलेल्या प्रश्नावर धर्मशास्त्राच्या जाणकाराने दिलेलं मत असतं. ‘क्रुसेड’ला ‘धर्मयुद्ध’ म्हणून मोकळं होऊ नका. क्रुसेड हा युरोपातल्या ख्रिस्ती फौजांच्या मोहिमांचा इतिहास आहे. आपल्या परंपरेत धर्मयुद्ध म्हणजे नियमांनी बांधलेलं युद्ध. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही पक्ष नियम ठरवतात: रथीने रथीशीच लढायचं, रणातून बाहेर पडलेल्याला मारायचं नाही, सारथ्यावर आणि शंख-भेरी वाजवणाऱ्यावर हत्यार चालवायचं नाही. एखादा निवेदक स्टुडिओत ‘धर्मयुद्ध’ म्हणून ओरडतो तेव्हा त्याच्या तुकड्यानंतर हे नियम शांत आवाजात वाचून दाखवा. तसंच शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र. दाणावैरण जपून वापरा, संपली तर तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, मग लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. दिव्याची पेटती वात उंदीर पळवून नेईल आणि वैरण पेटेल, इतक्या बारकाईने लिहिलेलं. कोल्हापूरच्या प्रेक्षकापुढे युद्धखोरीला याहून जोरकस उत्तर आम्हाला माहीत नाही, आणि ते उत्तर कोणत्याही बाजूने कापलं तरी सरळच राहतं.

आता चित्रफितींची पारख. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार रात्री आठवा. काही राष्ट्रीय वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी चालवली. ती खोटी होती. पूंछमध्ये तोफमाऱ्यात मृत्युमुखी पडलेल्या मदरशातल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवलं आणि पूंछच्या पोलिसांना ते जाहीरपणे खोडून काढावं लागलं. युद्ध आणि धर्म एकत्र आले की बातमीचं काय होतं, याचं याहून कडू उदाहरण नाही. अशा चुकांवर बोट ठेवायचं असेल तर तुमच्याकडची चित्रफीत आधी स्वच्छ हवी. निवेदकाचा तुकडा कोणाच्या फॉरवर्डमधून घेऊ नका, वाहिनीने स्वतः चढवलेला मूळ कार्यक्रम गाठा. युद्धाचं दृश्य असेल तर त्यातून चार-पाच स्थिरचित्रं काढा: पहिली चौकट, स्फोटाची, एखादी पाटी किंवा गाडीचा नंबर दिसणारी, गणवेश दिसणारी आणि शेवटची. ती दोन वेगवेगळ्या शोधयंत्रांत टाका, कारण एकात न सापडणारं दुसऱ्यात सापडतं, आणि सर्वांत जुनी तारीख धरा. आवाज ऐका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. लांबच्या डोंगरावर लोळ उठतो आणि धडाका त्याच क्षणी ऐकू येतो, तर आवाज नंतर चिकटवलेला आहे.

‘आर्मा ३’ या लष्करी खेळातली दृश्यं खरी म्हणून जगभर फिरतात. ती इतकी फिरली की खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच नोव्हेंबर २०२२ मध्ये ओळखण्याच्या खुणा सांगाव्या लागल्या. चित्र फार धुरकट, कॅमेरा मुद्दाम हलणारा, बहुतेक वेळा रात्र, आवाज नाही किंवा अपुरा, आणि हलणारी माणसं जवळजवळ नाहीत. खऱ्या दृश्यात कोणीतरी ओरडतं, कुत्रं भुंकतं, चित्रीकरण करणाऱ्याचा श्वास ऐकू येतो.

पार्श्वसंगीत म्हणून भोंगा लावू नका. १० मे २०२५ रोजी केंद्राच्या नागरी संरक्षण विभागाने हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा आवाज जनजागृती सोडून इतर कार्यक्रमांत वापरू नका असं माध्यमांना कळवलं होतं. कारण साधं आहे: रोज ऐकला की लोक खऱ्या भोंग्याला उठत नाहीत. गणवेशाचंही बघा. लष्कराचा नवा ठिपक्यांच्या नक्षीचा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ रोजी प्रथम दिसला आणि ती नक्षी लष्कराने स्वतःच्या नावे नोंदवली आहे. पात्राला साधा हिरवा शर्ट पुरतो.

सैनिकाबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण इथला प्रेक्षक दुरून युद्ध बघणारा नाही. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, टेंबलाई टेकडीला टेरिटोरियल आर्मीची बटालियन आहे, आणि भुदरगड-आजऱ्याकडच्या वाड्यांतही फौजेतली नोकरी ही घरातली रोजची गोष्ट आहे. त्यांना विनोद चालत नाही ही समजूत खोटी आहे. राशन, रजा, बदली, वरिष्ठांचे फाजील आदेश यांवर फौजी खळखळून हसतात. त्यांना खुपतं ते चुकीचं. हवालदाराच्या वर नायब सुभेदार, मग सुभेदार, मग सुभेदार मेजर. हे उलटं झालं की त्या घरातून पुढचा भाग बघितला जात नाही. मृतांचा आकडा, पार्थिव, रडणारं कुटुंब हे विनोदाच्या जवळपासही नको. त्या दृश्यावर वाहिनीने कर्कश संगीत लावलं असेल आणि तुम्हाला वाहिनीवर बोलायचं असेल, तरी दृश्य न दाखवता फक्त वर्णन करा. सुभेदारपदावरून निवृत्त झालेले कोणी ओळखीचे असतील तर त्यांना संहिता वाचायला द्या, आणि ‘योग्य वाटतं का’ असं न विचारता ‘चुकलंय कुठे’ असं विचारा. मग ते मोकळेपणाने सांगतात.

कायद्याचं मोजकंच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ हे जुन्या २९५-अ च्या जागी आलं. त्यात धार्मिक भावना दुखावण्याचा हेतू जाणूनबुजून आणि दुष्ट बुद्धीचा असावा लागतो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात जुनं कलम वैध ठरवलं ते याच दोन शब्दांवर भर देऊन. समाजांत वैर पसरवण्यासाठी कलम १९६ आहे. हेतू सिद्ध होतो तो कागदावरून, म्हणून तुमच्या नोंदवह्या, संहितेचे सगळे खर्डे, तुकड्यांच्या चाचणीत लोकांनी दिलेली उत्तरं हे तारीखवार जपा, किमान तीन वर्षं. दुसऱ्याची दृश्यं वापरायला प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ टीका आणि परीक्षणासाठी वाट देतं, पण दृश्य गरजेपुरतं हवं. आठ-दहा सेकंद, आणि लगेच त्यावरच भाष्य. तेच दृश्य मागे सजावट म्हणून मिनिटभर चालवलंत तर ती टीका राहत नाही. यूट्यूबवर नव्वद दिवसांत तीन ताकिदी आल्या की वाहिनी बंद होऊ शकते, म्हणून पहिल्याच ताकिदीला नीट लेखी उत्तर द्या. आणि अमेरिकी टीव्हीवरचे उपहासकार जॉन ऑलिव्हर यांनी २०१५ साली टीव्हीवरचे धर्मोपदेशक करमाफी कशी उकळतात हे दाखवायला स्वतःच चर्च स्थापून देणग्या मागितल्या, ती युक्ती इथे उचलू नका. त्यांनी आलेले पैसे वैद्यकीय मदतकार्य करणाऱ्या संस्थेला दिले. आपल्याकडे गमतीने मागितलेल्या देणगीलाही धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. त्या परवानगीच्या कलम ४१-क ची धावपळ तुमच्यातल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना पाठ आहे.

राहिलं वेळापत्रक. ‘डेली शो’ सकाळी बैठक, दुपारी संहिता, संध्याकाळी चित्रीकरण असा एका दिवसात उभा राहतो, कारण तिथे मोठी पगारी फौज आहे. पाच-सहा जणांनी युद्धाच्या विषयावर तसं करू नये. तोच कार्यक्रम ११ सप्टेंबरनंतर नऊ दिवस बंद होता आणि २० तारखेला परतला तेव्हा स्ट्युअर्ट यांनी सुरुवातीला विनोद केला नाही. हल्ला झाला, तर पहिले तीन दिवस फक्त नोंदी घ्या. चौथ्या दिवशी खरं काय ते बरंचसं बाहेर आलेलं असतं, आणि वाहिन्यांनी काय काय दाखवलं तेही.

भाग रात्री चढवू नका, कार्यक्रमाचं नाव रात्रीचं असलं तरी. रात्री अकराला चढवलेला भाग तुम्ही झोपेत असताना कापला जातो आणि सकाळी जागे होता तेव्हा तो शंभर गटांत पोचलेला असतो. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाला चढवा. विसर्जन, मोहरमचे पंजे, उरूस, शिवजयंती यांच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचा एक दिवस टाळा. कुरुंदवाडात मशिदीत गणपती बसतो आणि कोल्हापुरात पंजे व गणपती एका मांडवात बसलेले लोकांनी पाहिले आहेत. त्या दिवसांत एखाद्या तुकड्याने ते बिघडू नये. चढवल्यापासून पुढचे बारा तास दोघांनी आळीपाळीने प्रतिक्रिया वाचायच्या. चूक सापडली तर भाग गुपचूप काढू नका, कारण कापलेले तुकडे मागे राहतात आणि मूळ नाहीसं होतं. चूक काय, बरोबर काय हे वीस सेकंदांच्या वेगळ्या चित्रफितीत, त्याच दोन चेहऱ्यांनी, त्याच मधल्या पट्ट्यात सांगा आणि ती आधी त्याच गटांत पाठवा, जिथे तुकडा पोचला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कोल्हापुरातले काही लेखक, संकलक आणि रंगकर्मी